चांदीची गाडी आणि छोटी लाइन

गेल्या वर्षी गणेशोत्सवातल्या मुलांच्या देखावा स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याची पाळी माझ्यावर आली. विषय होता 'आपले ग्वाल्हेर'. किल्ला तीन जणांनी केला होता, तानसेनाची कबर दोघांनी. पण लक्ष वेधून घेतले ते दोन आगगाड्यांनी. एक होती जयविलासमधली चांदीची गाडी. पुठ्ठ्यावर चंदेरी कागद ताणून बसवलेला, सात डब्यांवर इंग्रजीत 'सिंदिया' नावाची सात अक्षरे, डब्यांत अत्तराच्या रिकाम्या बाटल्या, आणि सगळी गाडी गोल फिरत होती. दुसरी होती आपली छोटी लाइन. पीव्हीसी पाइपचा बॉयलर, काळा रंग, धुराडे थोडे कलते, छपरावर मातीची माणसे दाटीवाटीने बसलेली. ती फिरत नव्हती, नुसतीच उभी होती.

आम्ही तिघा परीक्षकांनी पहिला क्रमांक चांदीच्या गाडीला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीच्या आधी मी सहज ती काळी गाडी पुन्हा पाहायला गेलो, आणि खिशातली टेप तिच्या रुळांना लावली. अंतर बरोबर तीन सेंटिमीटर. शेजारचा मातीचा गार्ड साडेआठ सेंटिमीटरच्या जरासा आत. मुलाला विचारले तर म्हणाला, "काका, सगळे वीस पटीने लहान केले आहे. आजोबा म्हणाले, रूळ दोन फुटांचा होता." दोन फूट म्हणजे 610 मिलिमीटर, भागिले वीस, साडेतीस. साडेपाच फुटी माणूस भागिले वीस, 8.4 सेंटिमीटर. पोराने हिशेब चुकवला नव्हता. हिशेब आमचा चुकला होता. त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे.

चांदीच्या गाडीविषयी बाहेरच्या पाहुण्यांना सांगताना आपली छाती फुगते, आणि त्यात वावगे काही नाही. 1874 मध्ये जयाजीरावांनी बांधलेल्या जयविलासच्या भोजनगृहात लांबलचक टेबलावर रूळ घातलेले आहेत. पंगत बसली की गाडी पाहुण्यांसमोरून मद्य, सुका मेवा, सिगार घेऊन फिरायची. कोणी बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की चालू लागायची. आत वाफ नाही, वीज. एकदा व्हाइसरॉयच्या मेजवानीत तिचा ताबा सुटला आणि तिने साहेबांच्या कपड्यांवर पदार्थांचा अभिषेक केला, अशी गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून फिरत असते. खरी असो वा रचलेली, सांगायला मजेची आहे. छतावर हत्ती चढवून झुंबरे टांगल्याच्या गोष्टीसारखीच ती आपल्या घराघरांत पाठ असते. 1964 मध्ये संग्रहालय झाल्यापासून तर प्रत्येक शाळेची सहल त्या टेबलाशी थांबते.

ही गाडी बनवली इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने. हे नाव ऐकून पुढे जाऊ नका, कारण खरी गंमत इथेच आहे. 1899 मध्ये सुरू झालेली ही कंपनी खेळण्यातल्या गाड्यांना खऱ्या गाड्यांच्या मापात आणणाऱ्यांतली अग्रणी. त्याआधी न्यूरेम्बर्गचे जर्मन कारागीर पत्र्याच्या सुंदर गाड्या करत, पण त्या जगातल्या कोणत्याच रेल्वेच्या नसत. धुराडे वाटेल तेवढे उंच, चाके चार, रंग भडक. मूल खूश झाले की काम झाले. बॅसेट-लोक 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात गेले, तिथे त्यांनी न्यूरेम्बर्गच्या बिंग कंपनीचे काम पाहिले, आणि असे ठरले की कारागिरी जर्मनांची, पण नकाशा खऱ्या इंग्लिश इंजिनाचा. नकाशे काढायला हेन्री ग्रीनली नावाचा अभियंता होता. छोट्या गाड्यांची मापे आणि प्रमाणे ठरवण्यात या माणसाचा हात फार मोठा.

आता प्रमाण म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण परीक्षक म्हणून आम्ही तिथेच घसरलो. सगळ्याच गोष्टी सारख्या पटीने लहान करता आल्या असत्या तर भांडणच नव्हते. तसे होत नाही. चाकाची कड प्रमाणात केली तर कागदासारखी पातळ होते आणि गाडी पहिल्याच सांध्यावर घसरते. वळण प्रमाणात घ्यायचे तर दिवाणखाना पुरत नाही. मोटर बसवायची तर बॉयलर फुगवावा लागतो. इंग्लंडमध्ये याच मोटरपायी एक विचित्र तडजोड झाली, ती आजतागायत चालू आहे. युरोपात 1:87 प्रमाणाची गाडी साडेसोळा मिलिमीटर रुळावर चालते, आणि तो रूळ बरोबर आहे. इंग्लिश इंजिने मुळात अंगाने बारीक. त्या प्रमाणात केली तर तेव्हाची मोटर आत मावेना. म्हणून वरचे अंग 1:76 केले आणि खालचा रूळ तोच ठेवला. म्हणजे चार फूट साडेआठ इंचांच्या रुळावरची गाडी हिशेबाने चार फूट दीड इंचाच्या रुळावर उभी राहिली. बघणाऱ्याला ती जरा जास्तच उंच, पाय जुळवून उभी असल्यासारखी वाटते. लाखो लोकांनी ते मुकाट्याने मान्य केले.

आपल्याकडे तर पंचाईत याहून मोठी. आपली मोठी लाइन साडेपाच फुटांची, 1676 मिलिमीटर. 1:87 ने भागले तर 19.3 येतात. बाजारात मिळतो तो साडेसोळाचा रूळ. भारतीय इंजिनाचे मॉडेल त्या रुळावर ठेवले की जवळजवळ तीन मिलिमीटर कमी पडतात. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण आमच्या लहानपणी झाशीकडून धडधडत येणारे बुलेटसारख्या नाकाचे डब्ल्यूपी इंजिन ज्याने फलाटावर उभे राहून पाहिले आहे, त्याला त्या इंजिनाची रुंद, पाय रोवून उभी असल्यासारखी बैठक आठवते. ती बैठकच गेली, तर नाक कितीही हुबेहूब असो, काय उपयोग?

छोट्या लाइनचे याच्या नेमके उलट. तिथे रूळ दोनच फुटांचा आणि वरचा डबा त्याच्या तिपटीच्या आसपास रुंद. मोठ्या लाइनचा डबा रुळाच्या दुपटीपर्यंतही जात नाही. म्हणून छोटी गाडी समोरून पाहिली की डोक्यावर मोठा भारा घेतलेल्या बाईसारखी दिसते: वर पसारा, खाली दोन पावले. चाकांचेही तेच. छोट्या रुळावरच्या पुष्कळ इंजिनांत चौकट चाकांच्या बाहेरून असते. चाके आत लपतात आणि बाहेर दिसतात ते फिरणारे वजनदार हात व त्यांना जोडणारा दांडा. मॉडेल करणारा हे विसरला आणि त्याने मोठ्या इंजिनासारखी चाके बाहेर काढली, की मग रिव्हेट मोजून लावले असले तरी माझ्या लेखी गुण शून्य. त्या मुलाच्या काळ्या गाडीत पाइपचा बॉयलर ओबडधोबड होता, रिव्हेट नव्हतेच. पण डबा दोन्ही बाजूंनी रुळाबाहेर झुकलेला होता, आणि चाके आत होती. एवढे पाहायला डोळा लागतो, आणि आमच्या तिघांकडे त्या संध्याकाळी तो नव्हता.

ही लाइन आली कुठून, हे नव्या पिढीला ठाऊक असेलच असे नाही. माधवराव महाराज 1886 मध्ये नऊ वर्षांचे असताना गादीवर आले, पूर्ण अधिकार 1894 मध्ये मिळाले. यंत्रांचे वेड लहानपणापासूनचे. इंजिन स्वतः हाकण्याची हौस प्रसिद्धच आहे. दोन फुटी रुळाची सुरुवात राजवाड्याच्या परिसरातल्या हौसेने झाली आणि बघता बघता ती हौस राज्याच्या कामाला लागली. 1899 मध्ये एक फाटा भिंडला, एक शिवपुरीला निघाला. तिसरा सबलगड, बीरपूर करत 1909 मध्ये श्योपूरला पोचला. तेवढाच जवळपास 200 किलोमीटर. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना समजावताना मी सांगतो, बार्शी लाइट अडीच फुटांची, आमची माथेरानच्या मापाची. पण माथेरानची गाडी 20-21 किलोमीटर चढते आणि थांबते, आमची चंबळच्या मुलखात दिवसभर चालायची. रेल्वेच्या वर्गवारीत दोन फुटी इंजिनाला 'एन' हे अक्षर. आमच्याकडची इंजिने त्या अक्षराची.

म्हणजे बघा, एकाच महाराजांच्या दोन गाड्या. टेबलावरची गाडी मापात काटेकोर असलेल्या कंपनीकडून आली, पण ती कोणत्याही खऱ्या गाडीची प्रतिकृती नाही. तिच्यावर लादलेली बाटली पाहिली तरी कळते, की कोणत्याच रेल्वेत वाघिणीला असे ओझे नसते. त्याबद्दल कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला मॉडेल नको होते, वाढपी हवा होता, आणि वाढपी म्हणून ती उत्तम आहे. आम्ही मात्र 'आपले ग्वाल्हेर' या विषयाला वाढप्याला पहिला क्रमांक दिला. ज्या गाडीतून आपल्या आज्या माहेरी गेल्या, जिच्यावर आपल्या कित्येक घरांतले कारकून, गार्ड, स्टेशन मास्तर पोसले गेले, ती कोपऱ्यात उभी राहिली.

पुण्याला कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, 1998 मध्ये सुरू झालेले. मुलीकडे गेलो की मी एक फेरी तिथे मारतोच. तिथल्या गाड्या बहुतेक परदेशी घडणीच्या, तेव्हा आपले डब्ल्यूपी तिथे शोधू नये. पण तिथे एक वेगळा खरेपणा आहे: सिग्नल पडतो, मग गाडी निघते, फाटक आधी बंद होते, नंतर गाडी येते. क्रम चुकत नाही. रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला हे पाहून जे बरे वाटते ते चकचकीत रंगाने वाटत नाही. रंगावरून आठवले. नव्या मॉडेलांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वच्छता. खरे वाफेचे इंजिन एकसारखे काळे कधीच नसते. दांड्यांवर तेलाची चमक, टेंडरवर कोळशाची भुकटी, बॉयलरच्या सांध्यांतून झिरपलेली वाफ सुकली की क्षाराचे पांढरे ओघळ. फायरमनचा हात रोज जिथे पडतो तिथला रंग उडालेला. दुकानातून आलेल्या इंजिनाला हे काही नसते. ते जणू कालच जन्मले आणि आज कपाटात बसले.

छोट्या लाइनचे पुढचे सगळ्यांना माहीत आहे. 1942 मध्ये तिचे नाव सिंदिया स्टेट रेल्वे झाले, 5 नोव्हेंबर 1951 ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली. शिवपुरीचा फाटा उखडला, भिंडला मोठी लाइन आली, वाफेच्या जागी डिझेल आले. श्योपूरची गाडी मात्र घोसीपुरा, मोतीझील करत, छपरावर माणसे घेऊन, 2020 च्या मार्चपर्यंत चालत राहिली. टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गाच्या काही भागावर मोठ्या रुळाची गाडी धावते. लोकांची सोय झाली, त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. बारा-बारा तास छपरावर उन्हात बसणाऱ्याला वारसा वगैरे सुचत नाही.

पण रूळ गेला की माप जाते. इंजिने निदान संग्रहालयांतून आणि चौथऱ्यांवर टिकतात. डब्याची पायरी जमिनीपासून किती उंच होती, खिडकीला गज किती होते, लाकडी बाकाची पाठ सरळ होती की कलती, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. ते आहे फक्त आपल्या घरच्या जुन्या फोटोंत आणि ऐंशी ओलांडलेल्यांच्या गुडघ्यांत.

तो मुलगा यंदा पुन्हा छोटी लाइन करतो आहे, या वेळी डब्याच्या आतल्या बाजूसकट. मी त्याला टेप आणि एक जुनी वही दिली आहे. त्याच्यासाठी आपणा सर्वांकडे एक मागणे आहे. घरात पेटीच्या तळाशी छोट्या लाइनचा फोटो असेल तर शोधा: सबलगडची बदली, शिवपुरीची सहल, कोणाचे तरी वऱ्हाड निघालेले. फोटो अस्पष्ट असला तरी चालेल. मात्र डब्याशेजारी माणूस उभा असावा, आणि तो माणूस कोण व त्याची उंची साधारण किती, हे घरातल्या कोणाला तरी सांगता यावे. एका माणसाच्या उंचीवरून पायरी, दार, खिडकी, छप्पर, सगळे मोजता येते. फोटो उत्सवाच्या दहा दिवसांत मंडपात माझ्याकडे किंवा त्या मुलाकडे द्यावा. तिथल्या तिथे मोबाइलवर उतरवून घेऊन परत करू. टोपी किंवा पगडी घातलेली असल्यास उंची सांगताना ती वगळून सांगावी.