शेजारचे आसन

विमानाचा इतिहास सांगताना १७ डिसेंबर १९०३ ह्या दिवसापासून आरंभ करण्याची रीत आहे. त्या दिवशी किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट विमानाच्या खालच्या पंखावर पालथा पडून बारा सेकंद उडाला. यंत्राच्या इतिहासासाठी हा आरंभ योग्यच आहे. परंतु छोट्या विमानातून आपल्या आप्तांना आणि मित्रांना बरोबर नेण्याची जी प्रथा पुढे रूढ झाली, तिचा माग काढू लागलो की ही तारीख अपुरी पडते. त्या विमानात दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. जे काही व्हायचे ते उडणाऱ्या एकट्याचे होणार होते.

ही स्थिती पालटली ती १४ मे १९०८ रोजी. राइट बंधूंनी आपल्या १९०५ सालच्या विमानात फेरबदल करून दोन माणसे ताठ बसू शकतील अशी आसने बसवली होती. त्या दिवशी त्यांचा डेटनचा यंत्रकारागीर चार्ली फर्नास आधी विल्बरबरोबर आणि मग ऑर्व्हिलबरोबर उडाला. विमानातला पहिला प्रवासी तो. एक भाऊ चालक आणि दुसरा भाऊ प्रवासी, अशी सोपी व्यवस्था त्यांनी का केली नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडत नाही. दोघांनी एकत्र उडू नये असे वचन वडील मिल्टन राइट ह्यांनी मुलांकडून घेतले होते. अपघात झालाच तर दोन्ही मुले एकदम जाऊ नयेत, आणि हाती घेतलेले काम पुरे करायला एक तरी मागे राहावा, एवढाच त्यामागचा हेतू. विमानात कोणाला बसवावे आणि कोणाला बसवू नये ह्याविषयीचा पहिला नियम असा एका बापाने घातला. सरकारी नियम यायला अजून बरीच वर्षे होती.

ह्याच सुमारास प्रवाशाविषयी दुसरी एक भाषा आकाराला येत होती. अमेरिकन सैन्याने विमान विकत घेण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत दोन माणसांचे मिळून ३५० पौंड वजन वाहून नेण्याची अट होती. करारातला प्रवासी हा वजनाचा आकडा आहे. करारमदारांची भाषा अशीच असावी लागते; तिला दोष देण्याचे कारण नाही. पण त्या आकड्यामागे माणूस आहे हे १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे साऱ्यांना कळले. ऑर्व्हिलच्या शेजारी लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज बसला होता. विमानाचा एक पंखा तडकला, मागच्या सुकाणूची तार तुटली आणि विमान जमिनीवर कोसळले. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. सव्वीस वर्षांचा सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी मरण पावला. यंत्राच्या साह्याने उडणाऱ्या विमानाच्या अपघातात दगावलेला तो पहिला माणूस, आणि तो प्रवासी होता.

ह्यानंतर जे घडले ते आम्हांला ह्या इतिहासातले सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण वाटते. राइट बंधूंची धाकटी बहीण कॅथरिन ओबर्लिन महाविद्यालयाची पदवीधर होती आणि डेटनच्या शाळेत लॅटिन शिकवीत होती. अपघाताची तार येताच ती रजा घेऊन निघाली आणि काही आठवडे ऑर्व्हिलच्या उशाशी बसून राहिली. विमान पडते म्हणजे काय होते, मोडलेले हाड किती दिवस ठणकते, हे तिने जवळून पाहिले. इकडे फ्रान्समध्ये विल्बरने ७ ऑक्टोबर १९०८ रोजी आपल्या युरोपातील व्यवहार पाहणाऱ्या हार्ट बर्गच्या पत्नीला, एडिथ बर्गला, बरोबर घेऊन उड्डाण केले. वाऱ्याने घागरा उडू नये म्हणून तो घोट्यांपाशी दोरीने बांधला होता. त्या छायाचित्राची चर्चा वेशभूषेच्या इतिहासातही होत असते. फोर्ट मायरच्या अपघाताला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. पुढे १५ फेब्रुवारी १९०९ रोजी पो येथे स्वतः कॅथरिन विल्बरच्या शेजारी बसली आणि काही मिनिटे उडून आली. रुग्णालयात काढलेल्या दिवसांनंतर पाच महिन्यांच्या आत! तिच्या ह्या बसण्याला कोणी भाबडा विश्वास म्हणू शकणार नाही. काय होऊ शकते हे पुरते ठाऊक असताना तिने दिलेली ती संमती होती.

वडिलांनी घातलेला नियम सुटला तो २५ मे १९१० रोजी, डेटनजवळच्या हफमन कुरणावर. त्या दिवशी वडिलांच्या परवानगीने दोघे भाऊ एका विमानातून उडाले. आयुष्यात तेवढेच एकदा. त्यानंतर ऑर्व्हिलने वडिलांना शेजारी बसवले. बिशप मिल्टन राइट तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. सुमारे सात मिनिटांच्या त्या उड्डाणात म्हातारबुवा मुलाच्या कानाशी वाकून आणखी वर ने, आणखी वर, असे म्हणत होते, असे सांगितले जाते. हा प्रसंग गोड म्हणून सांगितला जातो, आणि तो गोड आहेच. पण मुलांना एकत्र उडण्याची मनाई करणारा आणि आणखी वर न्यायला सांगणारा हा माणूस एकच आहे, हे विसरून तो वाचता येत नाही. त्याच्या आनंदाला आधीच्या भीतीने वजन आले आहे.

पुढे विमाने स्वस्त झाली. दोन ते सहा आसनांची विमाने डॉक्टर, वकील, शेतकरी अशा लोकांच्या हाती आली आणि सुटीच्या दिवशी बायकोमुलांना, मित्रांना घेऊन उडणे हा अमेरिकेत एक प्रघात झाला. बापाने घातलेल्या नियमाची जागा आता सरकारी नियमांनी घेतली. हे नियम वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने वाचण्याजोगे आहेत. शिकाऊ वैमानिकाला प्रवासी नेता येत नाही. खाजगी परवाना असलेल्याला भाडे घेता येत नाही. इंधन आणि भाड्याच्या विमानाचा खर्च वाटून घेता येतो, पण त्यातला आपला वाटा त्याला स्वतः भरावाच लागतो. मागील ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान चढवले आणि उतरवले नसेल, तर एकट्याने उडता येते, कोणाला बरोबर नेता येत नाही. म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची आणि शेजारच्याचा जीव धोक्यात घालण्याची मोजमापे कायद्याने वेगळी ठेवली आहेत. हौशी माणसांनी स्वतः जुळवलेल्या विमानांत तर प्रवाशाला दिसेल अशी एक पाटी लावावी लागते. हे विमान हौशी बांधणीचे असून नेहमीच्या विमानांच्या सुरक्षानियमांत बसत नाही, असा तिचा आशय. ह्या साऱ्या कागदपत्रांत प्रवाशाकडे तोंड करून लिहिलेले असे हे विरळाच वाक्य!

तरीही नियम कोठे संपतात हे १६ जुलै १९९९ च्या रात्री दिसले. जॉन एफ. केनेडी धाकटे आपली पत्नी कॅरोलिन आणि तिची बहीण लॉरेन ह्यांना घेऊन न्यू जर्सीहून सहा आसनी पायपर साराटोगा विमानाने निघाले. वाटेत मार्थाज व्हिनयार्ड बेटावर मेव्हणीला उतरवायचे आणि चुलतबहिणीच्या लग्नाला पुढे जायचे, असा बेत होता. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. डोळ्यांनी पाहून उडण्यापुरते हवामान मात्र कागदोपत्री ठीक होते. एका प्रशिक्षकाने बरोबर येण्याची तयारी दाखवली होती. ती त्यांनी नाकारली. धूसर, काळोख्या रात्री समुद्रावर क्षितिज दिसेनासे झाले. उतरत असताना वैमानिकाचे दिशाभान हरपले आणि विमान समुद्रात कोसळले, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने २००० साली दिला. तिघेही गेले.

त्या अहवालात वैमानिकाचे उड्डाणाचे तास आहेत, ढगांची उंची आहे, रडारने टिपलेला मार्ग आहे. दोघी बहिणींना त्या रात्रीविषयी काय ठाऊक होते, ते मात्र त्यातून कळत नाही. वैमानिकांच्या शिक्षणात आज बाह्य दबाव नावाचा धोका निराळा मोजायला शिकवतात: गाठायचे लग्न, वाट पाहणारे नातेवाईक, मागे फिरलो तर वाटणारा संकोच. हा दबाव आपल्याच माणसांचा असतो म्हणून तो ओळखू येत नाही. तिकीट काढून बसणाऱ्या परक्या प्रवाशामागे कंपनी, दुसरा वैमानिक, तपासनीस अशी माणसे उभी असतात. आप्ताच्या मागे कोणी नसते. नाते हेच त्याचे तिकीट, आणि प्रश्न विचारणे म्हणजे नात्यावर अविश्वास दाखवणे, असे त्याला वाटते. आज नको, हे दोन शब्द त्यामुळे सर्वांत जवळच्या माणसाच्या तोंडून सर्वांत अवघडपणे निघतात.

मिल्टन राइट ह्यांना ते अवघड गेले नाही. त्यांनी ते मुलांना स्वच्छ सांगितले, आणि जगभर कीर्ती झालेल्या त्या दोन मुलांनी ते वर्षानुवर्षे पाळले. १९१० साली ते स्वतः विमानात बसले तेव्हा सेल्फ्रिजचे काय झाले हे त्यांना माहीत होते, आपल्या मुलाचा पाय कसा मोडला होता तेही माहीत होते. आपल्या माणसाला शेजारी बसवण्यापूर्वी वैमानिकाने त्याला एवढे तरी माहीत करून द्यावे, आणि नको म्हणण्याची वाट मोकळी ठेवावी, ही अपेक्षा कोणत्याही नियमावलीत पुरतेपणी मावणारी नाही. ती त्या कुटुंबाने आपापसांत पाळली होती.