बारा तारा आणि पेन्सिलीची एक खूण

ज्याचे सारे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि कारखान्यांच्या फाटकांवर गेले, त्याने गिटारीवर बोलावयास उभे राहावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांला गाण्याचे शास्त्र येत नाही, आणि शाळा तर लहानपणीच सुटली. परंतु एखादी वस्तू समोर आली की ती कोणी केली, कशी केली आणि तिचे पैसे कोणाच्या हाती पडले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून आम्हांला राहवत नाही. आजचे व्याख्यान त्या खोडीतूनच निघाले आहे.

गोष्ट अशी झाली. शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीत मोल्डरचे काम करणारे आमचे एक जुने सहकारी आहेत. त्यांचा मुलगा संगणकावर नोकरी करतो. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो असता मुलाने एक गिटार दाखविली. विजेवर वाजणारी, बारा तारांची, आणि कोरी करकरीत. किंमत विचारली तर बापाच्या चार महिन्यांच्या पगाराइतकी! एवढे हिच्यात काय आहे असे विचारता मुलगा म्हणाला, “काका, ही १९६५ ची आहे.” आम्ही म्हटले, “अरे, प्लास्टिकचे वेष्टनसुद्धा अजून पुरते निघाले नाही.” तेव्हा त्याने खुलासा केला की मूळ गिटार फेंडर नावाच्या अमेरिकन कारखान्याने १९६५ साली काढली होती, ही त्याच कारखान्याने २०१९ मध्ये जुन्या धर्तीवर पुन्हा काढलेली प्रत. अशा प्रती जमविणारे शौकीन जगभर आहेत म्हणे. बाप गालातल्या गालात हसत होता. आम्ही मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही.

आधी हे वाद्य काय ते सांगितले पाहिजे. साध्या गिटारीला सहा तारा. बारा तारांच्या गिटारीत प्रत्येक तारेला शेजारीण दिलेली असते. खर्जाकडच्या चार जोड्यांत ती शेजारीण एक सप्तक वर लागते, आणि उरलेल्या दोन जोड्यांत दोघी एकाच स्वरात लागतात. दोन तारा कितीही जुळविल्या तरी त्यांच्यात केसाएवढे अंतर राहतेच, आणि त्या अंतरामुळेच नाद भरघोस होतो. आपल्या तंबोऱ्यातील मधली जोड ज्याने ऐकली आहे त्याला हे अधिक समजावून सांगणे नको. विजेचा भाग त्याहून सोपा. तारांखाली लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते आणि तिचा पुढे ध्वनिवर्धकातून आवाज होतो. उद्यमनगरातला मोटार वाइंडिंग करणारा कारागीर हे यंत्र पाच मिनिटांत ओळखील.

हे वाद्य लोकप्रिय झाले ते १९६४ पासून. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बीटल्स ही इंग्रज मंडळी न्यूयॉर्कला आली असता रिकनबॅकर कारखान्याचे मालक एफ. सी. हॉल यांनी त्यांच्यातील जॉर्ज हॅरिसन याला बारा तारांची विजेची गिटार दिली. बारा खुंट्या लावायच्या म्हणजे गिटारीचे डोके लांबलचक व्हावे आणि वाद्य पुढे कलावे. परंतु डिक बर्क या त्यांच्या माणसाने सहा खुंट्या बाजूला आणि सहा मागच्या अंगाला बसवून डोके पूर्वीएवढेच ठेवले. हॅरिसनचे नाव जगाने ऐकले. बर्कचे आपण आज ऐकत आहात. त्याच वर्षी बीटल्सचा पहिला चित्रपट आला. तो पाहून अमेरिकेतील मॅग्विन या तरुण वादकाने तसलीच गिटार घेतली आणि ‘बर्ड्‌स’ या आपल्या मंडळीचा सारा नाद तिच्यावर उभा केला. (हाच मॅग्विन पंडित रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका मन लावून ऐकत असे, आणि हॅरिसनने पुढे खुद्द पंडितजींकडे सतारीची तालीम घेतली. बारा तारांतून ही मंडळी आपल्या तरफांच्या वाद्याकडे वळली, यात आम्हांला योगायोग वाटत नाही.) १९६५ साली फेंडरने आपली बारा तारांची गिटार बाजारात आणली, पण लाट ओसरली आणि ते दशक संपता संपता तिचे उत्पादन बंद पडले.

आता आमच्या विषयाची खरी गाठ येते. त्याच १९६५ च्या जानेवारीत फेंडरचा कारखाना कोलंबिया ब्रॉडकास्टिंग या बड्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. पुढल्या काही वर्षांत वादक कुरकुर करू लागले की नव्या मालात जुना जीव नाही. ज्याला परवडे तो जुनी गिटार शोधू लागला, आणि जुन्या गिटारींचा व्यापार उभा राहिला. शेवटी १९८० नंतर कारखान्याच्या नव्या व्यवस्थापकांनी ठरविले की आपणच आपली जुनी गिटार पुन्हा करावी. आणि काय झाले? कारखान्याच्या माणसांना जुन्या गिटारी विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन, स्वतःच्याच कारखान्याने केलेल्या वस्तू उलटसुलट करून पाहाव्या लागल्या! १९८२ साली बाजारात आलेल्या त्यांच्या पहिल्या प्रती अशा तयार झाल्या. रिकनबॅकरनेही त्याच दशकात हॅरिसनच्या गिटारीची प्रत काढली.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. फौंड्रीत लाकडी पॅटर्न असतो. ओतीव तुटली तर दुसरी ओतता येते. पण पॅटर्न हरवला आणि पॅटर्न करणारा मिस्त्रीही निघून गेला, तर तुटकी ओतीव हाती धरून तिच्यावरून माप काढीत बसावे लागते. त्या कारखान्याचे हेच झाले होते. लाकूड, तांबे, यंत्रे, सारे होते; पण कोणते वळण किती घासायचे हे ज्या हातांना ठाऊक होते, त्यांचे मोल हिशेबाच्या वहीत कोणी मांडलेच नव्हते.

येथे शौकिनांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. संग्राहक म्हटला की रिकामटेकडा श्रीमंत, अशी आमची समजूत होती. ती आम्ही सोडली आहे. या लोकांनी जुन्या गिटारी खोलल्या. फेंडरच्या गिटारीची मान स्क्रूंनी जोडलेली असते. ती सोडविली की खाली, एरवी कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागी, पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि कामगाराची आद्याक्षरे सापडू लागली. ‘टी. जी.’ म्हणजे तादेओ गोमेझ, १९५० च्या दशकात त्या कारखान्यात गिटारींच्या माना घडविणारा कामगार. ती दोन अक्षरे आज संग्राहकांत नाण्यावरच्या छापासारखी ओळखली जातात. तांब्याच्या तारेचे वेढे देणारी अबिगेल इबारा १९५६ साली कामाला लागली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली. शेवटच्या वर्षांत तिच्या हातच्या गुंडाळ्यांना तिच्या नावावर मागणी होती. मालकाने छापलेल्या कॅटलॉगात ही माणसे नव्हती. वस्तू जपणाऱ्यांनी वस्तू उघडली म्हणून ती इतिहासात आली. आता गोमेझला आपल्या अक्षरांचे किती पैसे मिळाले, हे विचारू नका. त्याला त्या काळची मजुरी मिळाली.

वाद्ये जमविण्याचा नाद काही नवा नाही. बंगालचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ च्या सुमारास आपल्याकडील वाद्यांचा मोठा संच बेल्जमच्या राजाला भेट दिला आणि त्यातून ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचा पाया भरला गेला. तेथील पहिले अभिरक्षक माहियों हे स्वतः वाद्ये करणारे. इतरत्र एकमेव असलेल्या जुन्या वाद्यांच्या हुबेहूब प्रती त्यांनी आपल्या कारागिराकडून करवून घेतल्या. म्हणजे प्रत काढण्याची हौसही शंभर वर्षांवरची. आपल्याकडे पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्याचे दुकान सांभाळून गावोगाव हिंडत दिवे, अडकित्ते, वाद्ये गोळा केली, दिवंगत मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. ती वाद्ये काचेआड सुरक्षित आहेत. पण काचेआडच्या तंबोऱ्याची जवारी कोण काढणार?

त्यासाठी मिरजेला जावे लागते. कोल्हापूर-मिरज आगगाडी १८९१ पासून धावते, आणि तासाभराच्या त्या रस्त्याने कोल्हापूरचे किती तंबोरे गेले-आले असतील! मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार आणि पाणी देणारे. इंग्रजी अंमलात हत्यारांचे काम बसले. उत्तरेकडून येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या उत्तेजनाने फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास नवी वाद्ये करण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच हात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले तेव्हा स्वतः हत्यार घेऊन तंबोरे दुरुस्त करीत. या घराण्यांत पॅटर्न कधी हरवला नाही, म्हणून तेथे ‘जुन्या धर्तीची प्रत’ असा मालच नाही. कालचा तंबोरा आणि आजचा तंबोरा एकाच धर्तीचा. आणि गंमत पाहा, जेथे विद्या तुटली तेथे तिच्या पुनर्जन्माला चार महिन्यांचा पगार मोजला जातो. जेथे ती तुटली नाही तेथे गिऱ्हाईक घासाघीस करते. १९७९ पासून विजेचा तंबोरा निघाला, आता तर तो टेलिफोनातही वाजतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. नावाची चोरी त्याने थांबेल. मजुरीचा दर मात्र कारागिरांना एकजुटीनेच ठरवावा लागेल. हा आमचा जुना हट्ट आहे, आपण क्षमा करालच.

त्या मुलाला घेऊन आम्ही मिरजेला गेलो. बरोबर शेजारच्या एका बाईंचा जुना तंबोरा होता. त्यांच्या सासूबाईंचा, कित्येक वर्षे खुंटीला टांगलेला. कारागिराने गवसणी काढली, तारा छेडल्या नाहीत, काही विचारले नाही. दांडी भोपळ्याला मिळते त्या गळ्यावरून आंगठा फिरविला आणि म्हणाला, “आमच्या आजोबांचा हात.” मुलाने विचारले, नाव कोठे लिहिले आहे का? तो म्हणाला, “नाव कशाला? हे वळण दुसरा कोणी असे घेत नाही.” आणि मुलाचा आंगठा धरून त्याने तो त्या वळणावर ठेवला.

मग घोडी उतरवून तो जवारीला बसला. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. असे दोन तास चालले. मधल्या वेळात चहा झाला. मुलाने आपल्या गिटारीचे छायाचित्र दाखविले, कारागिराने ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “बारा तारांचा ताण ही दांडी कशी सोसते?” आत पोलादी सळई आहे असे मुलाने सांगितले. “कोण बसवतो ती?” मुलाला सांगता आले नाही. मेक्सिकोतल्या कारखान्यात होते, एवढेच तो म्हणाला.

परतताना गाडीत त्याने आम्हांला विचारले की घरी गेल्यावर गिटारीची मान सोडवून पाहावी का. आम्ही म्हटले, पाहा. तो म्हणाला, “पण काका, वॉरंटी जाईल.”