गाजरगवत आणि मेक्सिकन भुंगा (जुन्नर–आंबेगाव)

गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस), ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती भारतात 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आली. तिच्यावर उपजीविका करणारा झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगा 1983 मध्ये मेक्सिकोतून आणून चाचण्यांनंतर बेंगळुरूजवळ सोडण्यात आला. अळ्या आणि प्रौढ दोघेही पाने खातात. कोवळेपणीच पाला गेला तर झाड फुलावर येत नाही. एका झाडाला हजारो बिया येत असल्याने महत्त्व आहे ते याच वेळेला. जुन्नर आणि आंबेगावात मात्र या कीटकावर एकट्यावर विसंबता येणार नाही. तो पावसाळ्यात वाढतो आणि थंडीत व कोरड्या दिवसांत जमिनीत सुप्त पडून राहतो. उलट डिंभे, येडगाव धरणांच्या कालव्यांखालील बांधांवर ओल टिकते आणि गवत हिवाळा-उन्हाळ्यातही उगवते. ओलिताने तणाला दिलेले हे महिने भुंग्याच्या हिशेबातच नाहीत.

भुंगा पिकांवर उलटेल, हा आक्षेप जुना आहे. कर्नाटकात तो सूर्यफुलावर आढळल्यावर मोठा वाद झाला. पण सूर्यफुलाच्या पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागांमुळे तो तिकडे वळतो आणि त्यावर त्याची पिढी टिकत नाही, असे पुढील अभ्यासांतून दिसले. खरी मर्यादा हंगामाची आहे. म्हणून फुलोऱ्याआधी उपटणे (हातमोजे घालूनच, कारण त्वचेला ॲलर्जी होते) आणि पडीक जागी टाकळ्यासारख्या स्पर्धक वनस्पती वाढवणे, हे उपाय भुंग्याच्या जोडीला लागतात.