जेवणाच्या टेबलावरचा बोरघाट

कर्जतला वाढलेल्या आपल्यापैकी कुणालाही बँकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून इंजिनं लागायची, तेवढ्या वेळात फलाटावर वडे संपायचे. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील रेल्वेत होते. तरी तो घाट कुणी बांधला, हे वर्गात कधी निघाल्याचं मला आठवत नाही. बोरीबंदर ते ठाणे, 1853, एवढं पाठ करून आपण पुढच्या धड्याला गेलो.

मला हा प्रश्न पडला तो चाळिशी उलटल्यावर, घरात रेल्वेचं मॉडेल करायला घेतलं तेव्हा. प्रमाण 1:87. प्लायवूड आणण्याआधी हिशेब मांडला. घाटाची चढण 1,831 फूट, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ साडेसहा मीटर उंची. लांबी सुमारे 25 किलोमीटर, म्हणजे 290 मीटरहून जास्त रूळ. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. शिवाय बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे, आपल्या ब्रॉडगेजला 19 हून थोडे जास्त लागतात. ती तडजोड मुकाट्याने केली.

मग ठरवलं, फक्त खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन करायचं. ते आता नाही. कड्यापाशी वळायला जागा नव्हती, म्हणून खालून आलेली गाडी एका सपाट जागी थांबे, इंजिन पुढून सुटून मागे लागे आणि गाडी उलट दिशेने वर चढू लागे. 1863 पासून 1929 पर्यंत, नवा मार्ग होईतो, असंच चाललं. मॉडेलवाल्याला यासारखी सोय नाही: आठ फुटांच्या फळीवर इंजिनाला सतत काम. चढ मात्र जड गेला. मूळ घाटात सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट. दहा सेंटिमीटर वर जायला मला पावणेचार मीटर लागत होते. शेवटी चढ वाढवला, तर माझं इंजिन तीन डब्यांनाच जागच्या जागी चाकं फिरवू लागलं. मागे दुसरं लावलं. कर्जतची आठवण झाली.

या नादात वाचत गेले. आखणी जेम्स बर्कली यांची, पण घाट सुरू झालेला बघायला ते राहिले नाहीत. 1862 मध्येच वारले. पहिला कंत्राटदार फॅविएल. 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला, त्याच वर्षी त्याने काम सोडलं. पुढचा सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच गेला. कंत्राट त्याच्या पत्नीने, ॲलिसने, स्वतःकडे घेतलं, अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ही बाई मला तेव्हा कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

मॉडेल पूर्ण झालं असं वाटलं, तेव्हा वर्गातली एक मैत्रीण वडिलांना घेऊन आली. काका घाटात गँगमन होते. बोगद्याच्या तोंडाशी वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "झकास आहे गं. पण माणसं कुठायत?"

स्टेशनमास्तर होता, एक साहेब होता. बाकी कुणी नव्हतं. 1861 मध्ये या घाटावर 42 हजारांपर्यंत मजूर होते. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला वाचनात सापडलं नाही. 1:87 मध्ये माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. 42 हजार माणसं एकापुढे एक आडवी ठेवली तर 840 मीटर होतात, म्हणजे त्याच प्रमाणातल्या अख्ख्या घाटाच्या जवळजवळ तिप्पट.

तेव्हापासून रात्री जेवणं झाली की आगकाड्या आणि एम-सीलची माणसं करते: घमेली घेतलेल्या बायका, पहारवाले, सुरुंगाची भोकं पाडणारे. काका फोनवर चुका सांगतात. पहार अशी धरत नाहीत, म्हणाले, म्हणून अकरा जणांचे हात पुन्हा केले. आतापर्यंत 160 झालेत. मेळाव्याला फळी आणतेय, टेम्पो ठरवलाय. उतरवायला चारजण लागतील.