पत्रा पातळ कां झाला?



आजचा विषय कांहींना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मालवाहू पिकअप गाडीच्या पत्र्याला पोचा पडतो, ही काय इतिहासांत नमूद करण्याजोगी गोष्ट आहे, असें कोणी विचारील. परंतु ज्या गोष्टीविषयीं चौकांतील पानवाल्यापासून दिवाणखान्यांतील वकिलापर्यंत सर्वांचें एकमत असतें, तिचा इतिहास पाहणें बहुधा उपयोगाचें ठरतें. हल्लींच्या गाड्यांचा पत्रा म्हणजे निव्वळ कागद, खरें लोखंड जुन्या गाड्यांत होतें, याविषयीं आमच्या मनीषनगरांत तरी दुसरें मत ऐकूं येत नाहीं. वर्धा रस्त्यानें जाणारी किंवा कळमन्याच्या बाजारांत संत्रीं उतरवून परतणारी कोणतीहि पिकअप पाहावी. दाराला एखादा पोचा, मडगार्डाला चुणी, मागच्या फळक्याला खोक, हें ठरलेलें. उन्हाळ्याच्या तोंडाशीं विदर्भांत गारपीट झाली कीं बॉनेटवर देवीच्या वणांसारखे खळगे उठतात. मालक हळहळतो आणि म्हणतो, “पूर्वीचें लोखंड आतां राहिलें नाहीं.”

त्याचें म्हणणें अर्धें खरें आहे. पत्रा पातळ झाला, यांत संशय नाहीं. पण पत्रा पातळ झाला म्हणून गाडी दुबळी झाली, हें अनुमान घाईचें आहे. आणि गाडी दुबळी झाली नाहीं म्हणून पिकअपवाल्याचें गाऱ्हाणें खोटें, हेंहि अनुमान तितकेंच घाईचें आहे.

पत्र्याचें मर्म आपल्याकडील तांबटांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. पुण्याच्या तांबट आळींत घागरीवर, बंबावर हातोडीचे एकसारखे ठोके पाडतात. त्याला मठारकाम म्हणतात. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, आणि शोभा ती आहेच. पण ठोक्यागणिक तांबें कठीण होत जातें, म्हणून पातळ पत्र्याची घागरहि सहसा चेपत नाहीं. त्याच पत्र्याचा सपाट तुकडा घेऊन अंगठ्यानें दाबला तर तो वांकतो. घागरीच्या गोलाईंत तो ताठ उभा राहतो. म्हणजे पत्र्याचें बळ त्याच्या जाडींत असतें, धातूच्या काठिण्यांत असतें आणि आकारांतहि असतें. पिकअपवाला एकट्या जाडीचा हिशेब करतो, तेथें त्याचें गणित अपुरें राहतें.

मोटारगाडी जन्मास आली तेव्हां तिची बॉडी घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीं घडविली. आंत लाकडी सांगाडा, वर हातानें ठोकलेला पत्रा. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एडवर्ड बड यानें संपूर्ण पोलादी बॉडी करण्याचा उद्योग आरंभिला, आणि १९१४ सालीं डॉज बंधूंनीं त्याच्याकडून अशा बॉड्या घेऊन आपल्या मोटारी बाजारांत आणल्या. पुढें १९२० नंतरच्या दशकांत केंटकी प्रांतांतील ॲशलंड येथें रुंद पत्रा अखंड लाटण्याची गिरणी निघाली. एकच पोळी एकामागून एक लाटण्यांखालून जावी आणि प्रत्येक लाटण्याखालीं थोडी अधिक पातळ व्हावी, तसें हें यंत्र. मोटारींचे मोठे पत्रे एका दाबांत काढणें यानंतर सुलभ झालें. तेव्हांचें पोलाद मात्र साधें व मऊ होतें. साच्यांत न फाटतां वळावें म्हणून तें मऊच लागे, आणि मऊ असल्यामुळें पोचा पडूं नये म्हणून तें जाड घ्यावें लागे.

आपल्या देशांत या कथेचा धागा जीपपासून लागतो. अमेरिकन सैन्यासाठीं १९४० सालीं जीपचा आराखडा झाला तो अतिशय घाईंत. वळणदार पत्र्यास मोठे व महाग साचे लागतात, म्हणून जीप जवळजवळ साऱ्या सपाट पत्र्यांची केली गेली. आणि सपाट पत्र्याला आकाराचें साहाय्य नाहीं, म्हणून त्याला जाडी देणें प्राप्त झालें. जीपचा पत्रा साधारणतः अठरा गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास असे. (गेजचा आंकडा वाढला कीं पत्रा पातळ होतो, हें बाजारांतील उलटें गणित आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी चकवीत असे.) जीपच्या मडगार्डावर दोन माणसें खुशाल बसत, ती या जाडीची कृपा. १९४५ सालीं जे. सी. व के. सी. महिंद्रा या बंधूंनीं मलिक गुलाम महंमद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठीं एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथें अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा असें झालें. याच कंपनीनें सुटे भाग आणून मुंबईंत जीप जोडण्यास आरंभ केला. स्वतंत्र भारतांतील खेडोपाडीं फिरणारीं पहिलीं दणकट वाहनें अशा रीतीनें पोलादाच्या व्यापाऱ्यांच्या हातून आलीं, आणि “गाडी म्हणजे जीपसारखी” ही कसोटी आपल्या मनांत तेव्हांपासून पक्की बसली.

मधल्या काळांत पत्र्याचा प्रश्न जाडीचा नव्हता, मिळण्याचाच होता. रूरकेला येथील सरकारी कारखाना १९५९ मध्यें सुरू झाला आणि सपाट पोलाद देशांत अधिक निघूं लागलें. टेल्कोनें पुण्याच्या कारखान्यांतून १९८८ सालीं टाटामोबाईल ही पिकअप बाहेर काढली. महिंद्रांची बोलेरो २००० सालीं आली व पुढें तिच्या नांवाची पिकअपहि निघाली. २००५ सालीं टाटांची लहानगी एस आली. आज आपल्या बाजारपेठांतून दिसणारा मालवाहू परिवार तो हाच.

आतां जाडीच्या हिशेबाकडे वळूं. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले आणि मोटारीच्या वजनाकडे कारखानदारांचें लक्ष गेलें. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचें वजन ७.८५ किलो भरतें, ०.७ मिलिमीटर घेतला तर साडेपांच किलो. समजा, एका पिकअपला वीस चौरस मीटर पत्रा लागतो. तर ४७ किलो वजन वांचलें. मालवाहू गाडीला एकूण किती वजनाची परवानगी आहे तें कायद्यानें ठरलेलें असतें. गाडी स्वतः ४७ किलोंनीं हलकी झाली, तर तितका माल प्रत्येक खेपेला अधिक नेतां येतो, म्हणजे संत्र्यांच्या दोन पेट्या तरी सहज. पोच्याबद्दल हळहळणारा मालकच या दोन पेट्यांचें भाडें रोज खिशांत घालतो, हें सहसा त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

पण पातळ केलेल्या पत्र्याला पोचा अधिक पडणार नाहीं काय? येथें दोन निरनिराळे गुण वेगळे करून पाहिले पाहिजेत. हातानें दाबल्यावर पत्रा किती लवतो, हा झाला ताठपणा. आघात निघून गेल्यावर खळगा उरतो कीं नाहीं, हा झाला पोच्याचा प्रश्न. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणें घटतो: जाडी एकाची ०.७ केली कीं ताठपणा सुमारें एकतृतीयांश उरतो. पोच्याला होणारा विरोध स्थूलमानानें जाडीच्या वर्गाप्रमाणें घटतो, म्हणजे तो निम्मा उरतो. परंतु दुप्पट बळकट पोलाद वापरलें तर ही तूट भरून निघते. ताठपणाची तूट मात्र बळकट पोलादानें भरत नाहीं, कारण पोलाद मऊ असो वा बळकट, त्याची लवण्याची प्रवृत्ति जवळजवळ सारखीच राहते. ती भरून काढावी लागते आकारानें: पत्र्याला बांक देऊन, कंगोरे काढून, आंतून पट्ट्या लावून. नव्या दारांवरील त्या धारदार रेघा निव्वळ नखरा नव्हेत. मठारकामाप्रमाणेंच त्यांतहि शोभा आणि उपयोग एकत्र आहेत. आणि दार बोटानें दाबतांच डबडब करतें म्हणून तें पोच्याला कच्चें, असा निर्णय देणारा गिऱ्हाईक एका गुणाची परीक्षा करून दुसऱ्या गुणाला नापास करतो.

बळकट पोलाद साच्यांत वळत नाहीं, ही जुनी अडचण एका युक्तीनें सुटली. कांहीं जातींचें पोलाद असें करतात कीं, साच्यांत तें मऊ असतें आणि रंग लावल्यावर गाडी भट्टींत सुमारें १७० अंश उष्णतेंत वीसेक मिनिटें राहिली कीं कठीण होतें. कुंभार कच्च्या मडक्याला हवा तो आकार देतो आणि मग भट्टींत भाजतो, त्यांतलाच हा प्रकार. पोलादांतील कार्बनाचे अणु उष्णतेनें हलून धातूच्या घसरणाऱ्या थरांना अडवून धरतात, असें त्याचें कारण आहे. आज दारें व बॉनेट यांचा बाहेरचा पत्रा बहुधा ०.६५ ते ०.८ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे जुन्या भाषेंत बावीस गेजच्या आसपास. असें असूनहि स्वस्त मालवाहू गाडींत प्रत्येक पत्रा या उंची जातीचा असतोच असें नाहीं. जेथें जाडी कमी केली पण तूट भरून काढली नाहीं, तेथें मालकाचें गाऱ्हाणें अक्षरशः खरें आहे.

पोलाद सोडून दुसऱ्या धातूकडे जाण्याचे प्रयत्नहि झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८ सालची लँड रोव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची झाली. फोर्डनें आपल्या एफ-१५० या पिकअपची बॉडी २०१५ सालच्या नमुन्यापासून ॲल्युमिनियमची केली, तेव्हां २०१६ मध्यें शेव्हरोलेनें जाहिरात काढून तिच्या हौद्यांत दगडी ठोकळे ओतून दाखविले. ॲल्युमिनियमला भोकें पडलीं, शेव्हरोलेच्या पोलादाला पोचे आले. गंमत अशी कीं, पुढें २०१९ सालच्या नमुन्यांत शेव्हरोलेनेंहि आपल्या पिकअपचीं दारें व बॉनेट ॲल्युमिनियमचीं केलीं, हौदा तेवढा पोलादी ठेवला.

आतां मुख्य गोष्ट. जुनी जाड गाडी माणसाला अधिक सांभाळीत होती काय? डायमलर-बेंझ कारखान्यांतील बेला बारेन्यी या अभियंत्यानें १९५१ सालींच उलट विचार मांडला होता: गाडीचा पुढचा व मागचा भाग चुरगळावा, मधला कोठा मात्र अभंग राहावा. चुरगळतांना जो आघात खर्च होतो, तो माणसाच्या छातीपर्यंत पोंचत नाहीं. १९५९ सालीं मर्सिडीझच्या गाडींत ही कल्पना प्रत्यक्ष उतरली. त्याच १९५९ सालची एक भारदस्त शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची मॅलिबू यांची अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेनें २००९ मध्यें समोरासमोर टक्कर घडविली. प्रत्येकीचा वेग तासाला चौसष्ट किलोमीटर. जुन्या जाड गाडीचा कोठाच कोसळला; तिच्यांतील पुतळ्याच्या जागीं माणूस असता तर वांचता ना. नव्या गाडींतल्याच्या पायाला थोडी दुखापत झाली असती, इतकेंच. कातडी आणि हाडें या वेगळ्या वस्तु आहेत. पोचा कातडीला पडतो, जीव हाडांवर अवलंबून असतो.

परंतु हा युक्तिवाद मोटारीच्या बाबतींत जितका समाधानकारक आहे, तितका पिकअपच्या बाबतींत नाहीं, आणि येथें माझें मत पिकअपवाल्याच्या बाजूचें आहे. आपल्याकडील बहुतेक पिकअप शिडीसारख्या पोलादी चौकटीवर उभ्या असतात. ओझें ती चौकट वाहते, वरचा पत्रा केवळ आच्छादन. चालकाचे गुडघे पुढच्या पत्र्यापासून फारसे दूर नसतात, आणि चुरगळण्यास पुढें लांबलचक जागाहि नसते. मोटारींना टक्कर देऊन तारे देण्याची भारत एनकॅप ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, ती प्रवासी मोटारींसाठीं. माल वाहणारी पिकअप तींत धरली नव्हती. म्हणजे मोटारवाल्या कुटुंबाला पत्रा पातळ झाल्याच्या बदल्यांत सुरक्षिततेचा दाखला पाहावयास मिळाला. रात्रभर संत्रीं घेऊन धांवणाऱ्या चालकाच्या वांट्याला पातळ पत्रा आला, दाखला आला नाहीं. पोच्याबद्दल त्यानें कुरकुर करावी याचें मला आश्चर्य वाटत नाहीं. त्याला दिसतो तेवढा पुरावा तोच आहे.

दुरुस्तीचा खर्चहि त्याच्याच माथीं. जुनें मऊ पोलाद मिस्त्रीच्या आज्ञेंत असे: मागें ठोकळा धरावा, पुढून हातोडी चालवावी, ताणलेला पत्रा गॅसच्या ज्योतीनें तापवून आवळावा, वर लांबी भरून घांसावी आणि रंग द्यावा. नवें कठीण पोलाद हातोडीखालीं उसळून येतें. तापविलें तर भट्टींत मिळालेलें काठिण्य कमी होतें, आणि पत्र्यावर जस्ताचा लेप असेल तर तो जळून तेथूनच गंज धरतो. (हा लेप नव्या पत्र्याची मोठी जमेची बाजू आहे, जुन्या जीपचा जाड पत्रा कोंकणांत तळापासून कुजत असे, तें आपण सोईस्करपणें विसरतों.) म्हणून मोठ्या कारखान्यांतून अख्खें दारच बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीची पिढीजात विद्या निरुपयोगी होत चालली आहे. तरी तींतून एक नवी शाखा निघाली आहे. दाराच्या आंतल्या बाजूनें लांब दांड्या घालून, उजेडाच्या रेघेकडे पाहत, पोचा हळूहळू बाहेर रेटतात. लांबी नाहीं, रंग नाहीं, ज्योत नाहीं. गारांच्या खळग्यांना तर हाच उपाय उत्तम. तेव्हां दाराच्या पोच्यासाठीं मिस्त्रीनें गॅसची नळी हातांत घेतली तर त्याला क्षणभर थांबवावें आणि तो आंतून रेटतां येईल काय, तें आधीं विचारावें. रंग फुटला नसेल आणि पत्र्याला धारदार घडी पडली नसेल, तर बहुधा येतो.