साठ लाख कार्डांची गोष्ट

मे महिना संपत आला की चातकाची आठवण निघतेच. डोक्यावर तुरा, पाठ काळी, पोट पांढरं. पावसाच्या थोडा आधी किंवा पावसाबरोबरच हा पक्षी महाराष्ट्रात दिसू लागतो. मुलांनाही हे ऐकून माहीत असतं. पण आपल्या गावात गेल्या वर्षी तो कोणत्या तारखेला दिसला, असं विचारलं तर? बहुधा कुणीच सांगू शकणार नाही. तारीख लिहून ठेवण्याइतकं त्यात काय आहे, असं आपल्याला वाटतं.

त्यात काय आहे, हे दाखवून देणारं एक काम अमेरिकेत झालं. त्याची सुरुवात एका शिक्षकाने केली.

वेल्स कूक हे मिनेसोटा राज्यात तिथल्या आदिवासी मुलांच्या शाळेत शिकवत. पक्षी पाहण्याचा त्यांना नाद होता. थंडीत दक्षिणेकडे गेलेले पक्षी वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेकडे परततात, हे सर्वांनाच ठाऊक होतं. पण ते कोणत्या वाटेने येतात? किती वेगाने सरकतात? एका माणसाने एका जागी उभं राहून याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. म्हणून १८८१ च्या सुमारास कूक यांनी मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या पक्षीनिरीक्षकांना विनंती केली : तुमच्याकडे कोणता पक्षी प्रथम कधी दिसला, तेवढं कळवा.

या तारखा नकाशावर मांडल्या की वाट दिसू लागते. समजा, एक पक्षी एका गावी १ मे रोजी दिसला आणि तिथून ३०० किलोमीटर उत्तरेला ११ मे रोजी. म्हणजे त्या पक्ष्यांची आघाडी दिवसाला सुमारे ३० किलोमीटर सरकली. लक्षात घ्या, हा एका पक्ष्याच्या उडण्याचा वेग नव्हे. वाटेत पक्षी थांबतात, खातात, वाईट हवा असेल तर अडकून पडतात.

१८८३ साली अमेरिकेत पक्षीशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली. तिने हे काम उचललं आणि पुढे ते सरकारकडे गेलं. भरभराटीच्या काळात सुमारे ३,००० माणसं नोंदी पाठवत होती. कूक १९१६ साली वारले, तरी कार्डं येतच राहिली. पुढे पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचा माग काढता येऊ लागला, ठरावीक पद्धतीने गणना होऊ लागली. जुनी रीत मागे पडली आणि १९७० साली हे काम थांबलं. तोवर जमलेली जवळजवळ साठ लाख कार्डं कपाटांत पडून राहिली.

पुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. पृथ्वी तापते आहे. मग पक्षी पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागले आहेत का? ‘पूर्वी’ कधी येत होते, हे आज नवी उपकरणं लावून मोजता येत नाही. ते त्या कार्डांवरच होतं! २००९ पासून कार्डांची चित्रं संगणकावर आणून स्वयंसेवकांकडून ती उतरवून घेण्याचं काम सुरू झालं.

मात्र अशा नोंदी वाचताना एक सावधगिरी हवी. पाहणारे डोळे वाढले की पहिला पक्षी लवकर सापडतो. एका वर्षी एकच मुलगा पाहत होता आणि दुसऱ्या वर्षी चाळीस, तर तारीख अलीकडे आली म्हणून पक्षी लवकर आले असं म्हणता येणार नाही. म्हणून किती जणांनी, किती दिवस पाहिलं आणि कोणत्या दिवशी पक्षी दिसला नाही, हेही लिहायला हवं.

भारतात पाहुण्या पक्ष्यांच्या अशा नोंदींसाठी २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात चातकाच्याही नोंदी झाल्या. शाळेत मात्र एक वही पुरते. तारीख, वेळ, ठिकाण, पाहणारे किती, दिसला की नाही. चातक येतो तेव्हा बहुतेक शाळांना सुटी असते, म्हणून सुटीपूर्वीच मुलांना पक्ष्याचं चित्र दाखवून ठेवावं. आणि वही भरली की रद्दीत जाणार नाही, एवढं आपण पाहावं.