सर अलेक्झांडर बिनी आणि अंबाझरीचें पर्जन्यमापन

नागपूरच्या सदर भागांतील रेसिडेन्सी रस्त्याचें नांव ऐकतांच भोसल्यांच्या दरबारांतील इंग्रज वकील आठवतो. परंतु ह्याच शहरास नळाचें पाणी देणारे इंजिनिअर सर अलेक्झांडर रिचर्डसन बिनी यांचें नांव जलशास्त्राच्या अभ्यासकांबाहेर फारसें कोणी घेत नाहीं. जुन्या कागदांचा संग्रह करणारांस त्यांच्या चरित्रांत घेण्यासारखें पुष्कळ आहे, म्हणून तें थोडक्यांत देत आहों.

बिनी यांचा जन्म २६ मार्च १८३९ रोजीं लंडन येथें झाला. वेल्समधील लोहमार्गांवर काम केल्यानंतर १८६८ सालीं ते हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांत दाखल झाले व नागपूर प्रांतीं आले. नुसते कचेरींत बसून नकाशे आंखणारे हे गृहस्थ नव्हते. त्यांस भूस्तरशास्त्राचा नाद होता, आणि त्या नादानेंच चांदा जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ त्यांस दगडी कोळसा सांपडला. तेथील सरकारी खाण १९०६ पर्यंत चालू होती.

अंबाझरीविषयीं एक चूक वारंवार छापली जाते. हा तलाव १८७० सालीं भोसल्यांच्या राज्यांत बांधला, असें सांगतात. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत निवर्तले आणि पुढें लवकरच राज्य खालसा झालें. तेव्हां सन तरी चुकीचा, नाहीं तर राज्य तरी. आमच्या मतें दोन कालखंडांची येथें सरमिसळ झाली आहे. तळें जुनें, त्याचा बांध वाढवून नळयोजना बिनी यांनीं केली, ती १८७३ च्या सुमारास पुरी झाली.

बांधाहूनहि आम्हांस मोलाची वाटते ती त्यांची मोजणी. १८६९ ते १८७२ या वर्षांत नागपुराजवळील सुमारें सोळा चौरस किलोमीटर पाणलोटावर पाऊस किती पडला व त्यांतील किती पाणी वाहून आलें, याचा मेळ त्यांनीं घातला. मृगाचा पाऊस तापलेली, भेगाळलेली जमीन पिऊन टाकते. भेगा मिटून रान तुडुंब भिजलें म्हणजे पुढच्या सरींचें पाणी वाहूं लागतें. शेतकऱ्यास ठाऊक असलेली ही गोष्ट बिनींनीं अंकांत मांडली. त्यांच्या नांवानें पाठ्यपुस्तकांत येणाऱ्या कोष्टकांत वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असल्यास शेंकडा १५, आणि १००० असल्यास शेंकडा ३८ पाणी वाहतें असें दिलें आहे. म्हणजे पाऊस दुप्पट, तर वाहतें पाणी पांचपट! तलावाचा हिशेब करणाराची झोंप ह्या एका आंकड्यानें उडावी.

पुढें ब्रॅडफर्ड व लंडन येथें त्यांनीं मोठमोठीं कामें केलीं. थेम्सखालील ब्लॅकवॉलचा बोगदा १८९७ सालीं खुला झाला व त्यांस सर हा किताब मिळाला. १९०१ सालीं लंडन कौंटी कौन्सिलच्या मुख्य इंजिनिअरपदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तींतहि पाऊस त्यांच्या मनांतून गेला नाहीं. पर्जन्य, जलाशय व पाणीपुरवठा यांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ सालीं निघाला, तेव्हां ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. १८ मे १९१७ रोजीं डेव्हनच्या किनाऱ्यावरील बिअर या गांवीं त्यांचें निधन झालें.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहांटे कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडून अंबाझरी भरून वाहिली व नाग नदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. बिनींचें कोष्टक सबंध वर्षाच्या पावसाचें आहे. एका रात्रीच्या वर्षावास तें लावतां येत नाहीं. त्यासाठीं त्या त्या दिवसाच्या, किंबहुना त्या त्या तासाच्या नोंदी हव्यात. त्या मिळावयाच्या तर जुन्या वह्यांतच. बखरी व सनदा यांकरितां आमचे संग्राहक गांवोगांव हिंडतात. पर्जन्यमापकाची वही किंवा बांधावरील पाणीपातळीचें टिपण मात्र रद्दींत जातें. असें बाड हातीं लागल्यास मापक कोठें बसविला होता व पाऊस दिवसाच्या कोणत्या वेळीं मोजला, हें सांगणारें पहिलें पान आधीं जपावें.